न मारणारे औषध : कडुनिंब, कोळी आणि मोजमापाचा इतिहास

वनस्पतींमधील नैसर्गिक संयुगे वापरून पिकांवरील कोळ्यांना दूर ठेवता येते, अशा आशयाची बातमी विज्ञानाच्या पानांवर अधूनमधून येत असते. ती वाचल्यावर आपल्याकडे सहसा दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक म्हणतो, "यात नवे ते काय? हे तर आपल्या आजीला ठाऊक होते." दुसरा म्हणतो, "पाल्याच्या काढ्याने कीड गेली असती, तर औषधांचे कारखाने निघालेच नसते." दोन्ही उद्गारांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुरे आहेत. ते का, हे समजण्यासाठी कडुनिंबाचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्याचे काही महत्त्वाचे टप्पे मी राहतो त्या बेंगळूरूत घडले आहेत, तर काही पुणे, सांगली आणि कोकणात.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत कोळी म्हटले की जाळे विणणारा प्राणी आठवतो, नाहीतर समुद्रावर जाळे टाकणारा माणूस. शेतकरी जेव्हा "वांग्यावर लाल कोळी आला" म्हणतो, तेव्हा तो तिसऱ्याच जीवाविषयी बोलत असतो. हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, तर प्रौढ लाल कोळ्याला आठ. नात्याने तो विंचू आणि गोचीड यांच्या कुळातला. पानाच्या खालच्या बाजूला बसून तो सुईसारख्या मुखांगाने एकेक पेशी टोचतो आणि तिच्यातील रस शोषून घेतो. पानावर आधी फिकट ठिपके पडतात, मग पान तांबूस होते आणि गळते. उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. एवढ्या वेगाने पिढ्या बदलणाऱ्या जीवाला औषध पचवायला शिकण्यास फारसा काळ लागत नाही. दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या बाबतीत नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना प्रतिकार निर्माण झाल्याची नोंद जगभरात झालेली आहे.

हा कोळी पूर्वीही होता, परंतु त्याला मोठी कीड बनवण्यात माणसाचा हात आहे. पॉल म्युलर यांना १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धानंतर डीडीटी बागांत आणि शेतांत पोहोचले. कीटक मेले, पण कोळ्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. उलट कोळ्यांना खाणारे भुंगेरे व इतर भक्षक जीव त्या फवाऱ्यात नाहीसे झाले आणि अनेक देशांतील फळबागांत कोळ्यांचे पीक माजले. पुढे १९५० च्या दशकात कोळ्यांवरचे खास औषध म्हणून डायकोफॉल बाजारात आले. ते तयार होत असे डीडीटीपासूनच. ज्याने दुखणे वाढवले, त्याच्याच पोटातून औषध काढण्याचा हा प्रकार होता. २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये डायकोफॉलचा समावेश जगातून हद्दपार करावयाच्या रसायनांत झाला.

या काळात औषधाची कसोटी कोणती होती, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ साली "निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा" ही मोजपट्टी मांडली. ती मुळात मानवी औषधांच्या प्रमाणीकरणासाठी होती, पण कीटकनाशकांच्या अभ्यासातही तीच रूढ झाली. ठराविक मात्रा द्यायची, एक-दोन दिवस थांबायचे आणि मेलेल्यांची संख्या मोजायची. ही पद्धत सुटसुटीत आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. मात्र भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवली गेली : उपकरण ज्यासाठी बनवले आहे तेवढेच ते दाखवते. मृत्यू मोजणाऱ्या उपकरणाला भूक मोडलेली कीड दिसत नाही. अंडी न घालता पान सोडून जाणारी मादीही दिसत नाही. या कसोटीवर कडुनिंब बहुतेक वेळा नापासच होणार होता.

कडुनिंबाची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको. गुढीपाडव्याला त्याची कोवळी पाने खाल्ली जातात, धान्याच्या कणगीत वाळलेला पाला टाकला जातो, गरम कपड्यांच्या घडीत तो ठेवला जातो. या साऱ्या वापरात एक समान धागा आहे. त्यात किडीचा संहार अभिप्रेत नाही. तिने इकडे फिरकू नये, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे परंपरेला गुणधर्म ठाऊक होता. मात्र कोणते द्रव्य, किती प्रमाणात, किती दिवस आणि कोणत्या जीवावर परिणाम करते, हे परंपरेने नोंदवलेले नव्हते. त्यामुळे वापर घरापुरता टिकला, पण त्याच्या आधारे एखाद्या तालुक्यातील बागा वाचवण्याची योजना आखता येत नव्हती.

रसायनशास्त्राने या कामाला हात घातला तो १९४२ साली. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही तीन कडू द्रव्ये वेगळी केली. त्यांचा हा छोटा लेख प्रसिद्ध झाला 'करंट सायन्स' या नियतकालिकात, जे १९३२ पासून बेंगळूरूहून निघते. फाळणीनंतर काही वर्षांनी सिद्दिकी पाकिस्तानात गेले आणि तेथील विज्ञानसंस्थांच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही १९६० च्या दशकात निंबिनच्या रचनेवर काम झाले. तरीही कीड या द्रव्यांपासून दूर का राहते, हा प्रश्न तोवर रसायनशास्त्राच्या टेबलावर आला नव्हता.

तो आणला टोळांनी. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर १९५९ साली सुदानमध्ये असताना टोळधाड आली. टोळांनी आसपासची सारी हिरवळ फस्त केली. भारतातून आफ्रिकेत नेऊन लावलेले कडुनिंब मात्र हिरवेच राहिले. इकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान, एम. जी. जोतवानी आणि बी. के. राय यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील पातळ मिश्रण पिकांवर फवारून पाहिले. १९६२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. या प्रयोगाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. "किती टोळ मेले?" याऐवजी "किती पान खाल्ले गेले?" हा प्रश्न त्यांनी विचारला. प्रश्न बदलताच जे झाड आधीच्या कसोटीवर निरुपयोगी ठरले असते, ते विलक्षण ठरले.

इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ आणि डेव्हिड मॉर्गन यांनी हीच कसोटी शोधयंत्रासारखी वापरली. निंबोळीच्या अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग टोळांच्या खाद्यावर लावायचा आणि ज्या भागामुळे टोळ खाणे थांबवतात तो पुन्हा विभागायचा. या चाळणीतून १९६८ साली ॲझाडिरॅक्टिन हाती लागले. त्याच्या रेणूत ३५ कार्बन, ४४ हायड्रोजन आणि १६ ऑक्सिजन अणू आहेत. त्याची नेमकी रचना ठरायला १९८५ उजाडले. केंब्रिज येथील स्टीव्हन ले यांच्या गटाने तो रेणू प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवला २००७ साली, बावीस वर्षांच्या खटपटीनंतर आणि ७१ पायऱ्यांनी. झाड मात्र दर उन्हाळ्यात हे काम मुकाट्याने करत असते. २०१२ साली बेंगळूरूच्याच गणित लॅब्स या संस्थेतील संशोधकांनी कडुनिंबाच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. ही पाकक्रिया झाडाला कशी साधते, हे शोधण्याची दिशा त्यातून मिळाली.

१९७२ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. ॲझाडिरॅक्टिन पोटात गेलेली अळी लगेच मरत नाही, पण तिची कात नीट टाकली जात नाही. कीटकाची वाढ ज्या संप्रेरकांवर चालते, त्यांच्या वेळापत्रकात हे द्रव्य गोंधळ उडवते. अर्थात हा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. चोवीस तासांनी मोजणी करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

आता पुन्हा कोळ्याकडे येऊ. टोळ हा कीटक आहे, कोळी नव्हे. मग टोळांवर लागू पडलेली गोष्ट कोळ्यांवर लागू पडेल असे गृहीत धरता येईल काय? येथे १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये मन्सूर आणि ॲशर यांनी केलेले प्रयोग उपयोगी पडतात. निंबोळीच्या गरापासून त्यांनी वेगवेगळ्या द्रावकांनी अर्क काढले आणि ते पानांवर लावून तांबड्या कोळ्याचे वागणे तपासले. कोळी पानावर थांबतो की निघून जातो? मादी किती अंडी घालते? अर्क लावलेल्या पानांपासून कोळी दूर सरकू लागले आणि अंड्यांची संख्या घटली. याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे अर्क सारखे निघाले नाहीत. पेन्टेनसारख्या, तेलकट द्रव्ये विरघळवणाऱ्या द्रावकाने काढलेला अर्क कोळ्यांवर विशेष प्रभावी ठरला. ॲझाडिरॅक्टिन अशा द्रावकात फारसे उतरत नाही. म्हणजे टोळांच्या बाबतीत जो रेणू नायक होता, तो कोळ्यांच्या बाबतीत एकटा नायक नव्हता. निंबोळीच्या तेलातील इतर घटकांचा आणि खुद्द तेलाच्या थराचाही त्यात वाटा असतो. याच प्रयोगांत आणखी एक पडताळणी केलेली होती. कोळ्यांना खाणारे भक्षक कोळी त्याच अर्काने कितपत दगावतात? पीक खाणाऱ्या कोळ्याच्या तुलनेत भक्षकाला इजा कमी झाली. डीडीटीने जी चूक केली होती, ती हे तेल बऱ्याच अंशी टाळत होते.

ज्ञान मोजून नोंदवलेले असले की त्याचे सामर्थ्य किती वाढते, याचा पुरावा याच सुमारास न्यायकक्षेत मिळाला. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना निंबोळीच्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपीय पेटंट मिळाले. हे पेटंट बुरशीविषयी होते, कोळ्यांविषयी नव्हे. पण तेल तेच आणि प्रश्नही तोच. भारतात त्याआधीच वातावरण तापले होते. १९९३ च्या फेब्रुवारीत बेंगळूरूत जागतिक कडुनिंब परिषद भरली, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला याच शहरात कर्नाटक राज्य रयत संघाच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा झाला. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील माग्दा आल्व्हूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ साली पेटंटला हरकत घेतली. म्युनिक येथील सुनावणीत भारतीय उद्योजक अभय फडके यांची साक्ष झाली. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसमोर घेतलेल्या प्रयोगांची माहिती पुराव्यात होती. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरचे अपीलही फेटाळले गेले.

या निकालाचा आपल्याकडे "परंपरेचा विजय" म्हणून गौरव झाला. तो योग्यच आहे. पण विद्यार्थ्यांनी त्यातील दुसरी बाजूही पाहावी. "हे आम्हांला पूर्वापार माहीत आहे" या वाक्याला आधार मिळाला तो कुठे, केव्हा, कोणासमोर आणि काय केले या तपशिलाने. आजीच्या ज्ञानाला कोर्टात उभे राहण्यासाठी सांगलीच्या शेतातली तारीख लागली.

मोजमापाची खरी परीक्षा मात्र नारळाच्या झाडावर झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात नारळांवर विचित्र डाग दिसू लागले. देठाजवळच्या टोपीखालून फिकट त्रिकोणी पट्टा निघायचा, पुढे तो तपकिरी, खरबरीत आणि भेगाळलेला व्हायचा. काही फळे गळायची, उरलेली आकाराने लहान राहायची आणि त्यांची सोडणे कठीण व्हायची. हा मेक्सिकोतील गेरेरो प्रांतावरून नाव मिळालेला, १९६५ साली कायफर यांनी वर्णन केलेला इरिओफिड कोळी होता. भारतात त्याची पक्की नोंद १९९८ साली झाली. पुढील काही वर्षांत तो वाऱ्याबरोबर तमिळनाडूत, कर्नाटकातील नारळपट्ट्यात आणि कोकणात पोहोचला. जयनगरच्या बाजारात येणाऱ्या नारळांच्या ढिगात ते तपकिरी ओरखडे आजही ओळखू येतात. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न नारळांच्या संख्येवर आणि आकारावर अवलंबून असते, त्याला तो ओरखडा म्हणजे मुलांच्या शुल्कातली किंवा कर्जाच्या हप्त्यातली तूट असते.

हा कोळी लाल कोळ्याहूनही लहान, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढा. अंग कृमीसारखे लांबट आणि पाय अवघे चार. तो राहतो नारळाच्या टोपीच्या पाकळ्यांखाली, जेथे एका फळावर हजारोंची वस्ती होऊ शकते. फवारा तेथे सहजी पोहोचत नाही. सुदैवाने या कुळाचा अभ्यास बेंगळूरूत आधीपासून होता. येथील कृषी विज्ञान विद्यापीठातील जी. पी. चन्नबसवण्णा यांनी १९६६ सालीच भारतातील इरिओफिड कोळ्यांवर ग्रंथ लिहिला होता. ज्या जीवाची कोणाला फारशी फिकीर नव्हती, त्याच्या अभ्यासाचे मोल तीस वर्षांनी कळले.

सुरुवातीच्या घाईत मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधे मुळांवाटे देण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबला गेला. ज्या झाडाचे पाणी आपण थेट पितो, त्याच्या मुळांत असे विष सोडण्याविषयी चिंता वाटणे स्वाभाविक होते. त्यामुळे कासरगोडच्या केंद्रीय बागायती पिके संशोधन संस्थेच्या शिफारशीत निंबोळी तेल आणि लसूण यांच्या दोन टक्के मिश्रणाला महत्त्वाचे स्थान मिळाले : लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर तेल, २० ग्रॅम लसणाचा रस आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून ५ ग्रॅम साबण. ठेचलेल्या लसणातील गंधकयुक्त संयुगे आणि तेलातील कडू द्रव्ये यांचा हा संयोग कोवळ्या फळांच्या घडांवर, टोपीच्या भागात फवारायचा असतो. कोकणात ५ टक्के ॲझाडिरॅक्टिनचे औषध ७.५ मिलिलिटर घेऊन तेवढ्याच पाण्यात मिसळून मुळावाटे देण्याची शिफारस आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचे जिवंत मूळ निवडून त्यास तिरपा काप द्यायचा आणि ते औषधाच्या पिशवीत बुडवून बांधायचे. बाकीचे काम झाड करते.

या उपायाने कोळी संपला काय? नाही. ॲझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी काही दिवसांतच विघटित होते, म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते. प्रत्येक झाडावर चढणारा माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे. झाडागणिक, प्रदेशागणिक आणि साठवणुकीगणिक निंबोळीतील द्रव्यांचे प्रमाण बदलते. बुरशी लागलेल्या निंबोळीचे तेल आणि नीट वाळवलेल्या निंबोळीचे तेल यांच्या गुणात फरक पडतो. "नैसर्गिक" या शब्दाने हे फरक मिटत नाहीत. शिवाय लागवडीतील खत, पाणी आणि स्वच्छता यांची जोड नसेल तर तेल एकटे पुरे पडत नाही. मात्र या उपायाने शेतात एक जागा मोकळी ठेवली. नारळाच्या टोपीखाली निओसियुलस बराकी हा भक्षक कोळी आढळतो. तो आपल्या कोळ्याचा माग काढत त्याच फटीत शिरतो. कोळ्यांवर वाढणारी हिरसुटेला ही बुरशीही आहे, जिच्यावर बेंगळूरूतील जैविक कीडनियंत्रण संस्थेत बराच अभ्यास झाला. जे औषध सर्वांना मारते, ते या मदतनीसांनाही मारते. जे औषध किडीला फक्त नकोसे करते, ते मदतनीसांना काम करायला वेळ देते.

म्हणूनच बातमीतल्या "दूर ठेवणे" या शब्दांकडे कमीपणाने पाहू नये. मारण्याच्या तुलनेत ते दुबळे वाटते, कारण आपली मोजपट्टीच मृतांची संख्या सांगणारी आहे. किडीने खाल्लेले पान, घातलेली अंडी, वाचलेले भक्षक आणि हंगामाअखेरीस हाती आलेली फळे यांची मोजपट्टी लावली की चित्र पालटते. ज्यांना आजीचे ज्ञान पुढे न्यायचे आहे, त्यांच्यासाठी काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. कडुनिंब, करंज, लसूण यांसारख्या वनस्पती आपल्या अंगणात आहेत, भिंग स्वस्त आहे आणि पानाची एक चकती अर्धी अर्कात बुडवून अर्धी कोरी ठेवली की प्रयोग सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळी कोणत्या अर्ध्यावर बसले आहेत ते मोजा. संख्या लिहा, तारीख लिहा, अर्क कसा काढला ते लिहा. आणि आठवडाभराने त्याच चकत्यांवरची अंडी मोजायला विसरू नका.